सासऱ्यांच्या मोटारीतलं घड्याळ

माझी तांत्रिक ख्याती एका पेन्सिल सेलवर उभी आहे, हे आधीच सांगून टाकतो. सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ एकदा बंद पडलं. सासऱ्यांनी ते उतरवून कानाशी धरून हलवलं, सासूबाईंनी ओल्या फडक्याने पुसलं, माझ्या बायकोने "नवीनच आणा" असा निकाल दिला. मी मागचं झाकण काढलं, उलटा बसलेला सेल सुलटा केला आणि घड्याळ चालू झालं. "जावईबापूंच्या हातात काहीतरी आहे," सासरे म्हणाले. आता, जो माणूस विमा कंपनीत बसून दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवतो, त्याच्या हातात काहीतरी आहे असं कुणी म्हटलं तर तो खुलासा करत बसत नाही. मी नुसते हात धुतले.

घड्याळ चालू झाल्यावर सासऱ्यांनी रेडिओ ऐकून वेळ लावली आणि मग काटा पाच मिनिटं पुढे ढकलला. त्या घरातली सगळीच घड्याळं पाच मिनिटं पुढे असतात. ती पुढे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण माहीत नसल्यासारखं वागायचं असतं, नाहीतर पुढे ठेवून उपयोग काय? या शिस्तीमुळे माझी सासरची मंडळी सगळीकडे लवकर पोचतात. दवाखान्यात कुलूप उघडणाऱ्याच्या आधी हजर असतात. नाटकाला जातात तेव्हा आधीच्या प्रयोगाचे प्रेक्षक बाहेर पडत असतात, आणि एकदा तर ते अजून आत जात होते. उशीर हा त्या घरात दुर्गुण नाही, गुन्हा आहे. लवकर पोचण्यात काही चूक असू शकते, ही कल्पना त्यांना आयुष्यात एकदाच भेटली आणि तिने घरात कायमचं भांडण लावून दिलं.

ते भांडण सासऱ्यांच्या मोटारीवरून आहे. ही एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार. दोघांपुरती, उघडी, गर्द हिरवी आणि इतकी बुटकी की आत बसलेल्या माणसाला शेजारच्या ट्रकचं फक्त चाक दिसतं. तरुणपणी दोघं तिच्यातून रॅलीत भाग घ्यायचे. सासरे चालवायचे आणि सासूबाई शेजारी बसून नकाशा वाचायच्या. सासूबाईंच्या गुडघ्यांसमोर, डॅशबोर्डवर, एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन यंत्रं बसवलेली आहेत. एक किल्लीचं घड्याळ, एक स्टॉपवॉच आणि चाकाच्या फिरण्यावरून मैल मोजणारा मीटर. सासऱ्यांनी ती तेव्हा परदेशातून मागवून स्वतःच्या हाताने बसवली होती, आणि त्यांच्याबद्दल ते ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात माझ्याबद्दल ते अजून एकदाही बोललेले नाहीत.

रॅली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर धूळ आणि वेग आला असेल. तसं काही नव्हतं. ठरलेल्या बेताच्या वेगाने जायचं आणि ठरलेल्या मिनिटाला शेवटच्या ठाण्यावर पोचायचं, एवढीच स्पर्धा. उशिरा पोचलात तर गुण कापतात. लवकर पोचलात तरी कापतात, आणि दुप्पट कापतात. चाळीस वर्षांपूर्वी, पहिला नंबर अगदी हातात आलेला असताना, हे दोघं शेवटच्या ठाण्यावर दहा मिनिटं लवकर पोचले आणि तळाला गेले. सासरे म्हणाले, "तू घड्याळ चुकीचं वाचलंस." सासूबाई म्हणाल्या, "मी बरोबर वाचलं. खोट तुमच्या यंत्रात आहे." स्वतःवरचा आरोप सासऱ्यांनी एक वेळ सोसला असता, यंत्रावरचा सोसवला नाही. सासूबाई तिथेच गाडीतून उतरल्या आणि पुन्हा कधी तिच्यात बसल्या नाहीत. संसार तसा उत्तम झाला. मुलगी वाढली, शिकली, तिला माझ्यासारखा जावई मिळाला. पण गाडीचा विषय निघाला की दोघं उठून दोन खोल्यांत जायचे.

यंदा जुन्या गाड्यांच्या मंडळाने तशीच रॅली पुन्हा जाहीर केली. नियम कडक होते. मोबाइल नाही, नवं उपकरण नाही, ज्या काळातली गाडी त्याच काळातली यंत्रं. सासऱ्यांचे डोळे यंदाच्या तपासणीत कसेबसे पास झाले होते आणि पुढच्या वर्षी लायसन्स मिळेल अशा भ्रमात राहू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ही शेवटचीच. शेजारच्या सीटसाठी मंडळाने एक होतकरू सभासद देऊ केला. सासरे नको म्हणाले. का नको ते बोलले नाहीत. "मला काय करायचंय त्यांच्या रॅलीशी?" असं सासूबाई म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी चष्म्याचा नंबर तपासून आल्या.

"दोघांनाही जायचंय," बायको म्हणाली. "पण खोट कुणाची ते ठरल्याशिवाय आई बसायची नाही आणि बाबा तिला बोलवायचे नाहीत. तुम्ही ते यंत्र उघडा."

"मी?"

"मग? घड्याळ केलंत की तुम्ही."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी एक म्हण आहे. माझ्या बाबतीत घोडं थेट सासरहून आलं. शिवाय हे घोडं धरलं तर चावणारं आणि सोडलं तर पळणारं होतं. यंत्रात खोट सापडली तर सासरे दुखावणार, नाही सापडली तर सासूबाई. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते ज्याने ठरवलं, त्याला ग्रहाच्या बाजूने विचार करावासा वाटला नव्हता.

पहिली अडचण स्क्रूंनी केली. गाडी विलायती असल्यामुळे तिचा सगळा कारभार इंचात, आणि माझ्याकडचे पाने सगळे मिलिमीटरमधले. एक पाना सैल, त्याच्या खालचा बसतच नाही. मी एक नमुन्याचा स्क्रू घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "साहेब, या स्क्रूला लागणारा पाना शोधण्यापेक्षा दुसरी गाडी लवकर मिळेल." शेवटी सासऱ्यांनी एका ट्रंकेतून मूळचे पाने काढून दिले. ते त्यांच्याकडे आहेत हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, तुमची स्वतःची काही पद्धत असेल."

पट्टी सुटली तेव्हा मी सरळ घड्याळवाल्याकडे जायचं ठरवलं. मी मूर्ख नाही. बाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात काचेच्या कपाटांच्या रांगा होत्या आणि डोळ्याला भिंग लावलेल्या माणसाचा फोटो होता. प्रत्यक्षात तसा माणूस नव्हता. "आम्ही फक्त सेल बदलतो," काउंटरवरची बाई म्हणाली. म्हणजे त्या अख्ख्या बाजारात माझ्याइतकाच अनुभव असलेली आणखी एक व्यक्ती निघाली, एवढंच. मी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली.

आता फोन सुरू झाले. सासरे दुपारी करायचे. "काय, काही सापडलं? नाही ना? मला माहीतच होतं." सासूबाई ते झोपले की करायच्या. "काय हो, काही सापडलं? सापडलं असेलच की." मी दोघांनाही "अजून उघडायचंय" असं सांगत राहिलो. बायको ऐकत होती. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी तंत्रज्ञ आहे. ती हसली. लग्नाला अठरा वर्षं झाली की बायकोचं हसणं कानांपेक्षा पाठीला जास्त कळतं.

मैलांचा मीटर मी आधी उघडायला घेतला, कारण तो घड्याळापेक्षा ठोकळेबाज दिसत होता. त्याच क्षणी वरच्या मजल्यावरचे शेजारी आले. हे निवृत्त आहेत, कशातून ते कुणाला नीट ठाऊक नाही, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'मूळ मुद्दा' म्हणायची त्यांना सवय आहे, म्हणून आमच्या इमारतीत त्यांना मूळ मुद्दाच म्हणतात. लोकरीचा स्वेटर, हाताची घडी, आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघणं.

"मूळ मुद्दा असा, की तुम्ही हे चुकीच्या बाजूने उघडताय," ते म्हणाले.

मी बाजू बदलली. टुणकन आवाज झाला आणि आकडे शून्यावर आणणारी स्प्रिंग अंतर्धान पावली.

"मूळ मुद्दा, पहिली बाजूच बरोबर असावी."

आम्ही जमिनीवर रांगलो. बायकोने झाडू मारला आणि केर चाळणीतून चाळला. मुलीच्या हरवलेल्या कानातल्यापासून एका जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यापर्यंत सगळं सापडलं, स्प्रिंग तेवढी सापडली नाही. या गडबडीत मूळ मुद्द्यांची नजर घड्याळाकडे गेली. ते दोन पावलं मागे सरकले.

"याचे आकडे हिरवे आहेत."

"हो."

"जुनं विलायती घड्याळ, हिरवट आकडे. मूळ मुद्दा, याच्यात रेडियम असणार. अंधारात चमकावं म्हणून लावायचे. किरणं सोडतं ते. तुम्ही हे जेवणाच्या टेबलावर ठेवलंय!"

ते गेले ते थेट इमारतीच्या सेक्रेटरींकडे. सकाळी खालच्या फळ्यावर नोटीस लागली होती की तिसऱ्या मजल्यावर किरणांचा संशय असल्याने सभासदांनी आपापल्या जबाबदारीवर ये-जा करावी. दूधवाल्याने पिशवी दुसऱ्या मजल्यावरच ठेवली. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी चढेना. एरवी त्या लिफ्टमध्ये उभं राहायला जागा नसते, त्यामुळे हा भाग मला वैयक्तिकरीत्या आवडला होता. पण बायको म्हणाली की दाखला आणल्याशिवाय त्या टेबलावर कुणी जेवणार नाही, आणि आम्ही दोन दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

अशा वस्तू तपासणारं एक सरकारी कार्यालय असतं. असतं हे मला माहीत नव्हतं, आणि आत गेल्यावर तिथल्या कारकुनालाही त्याची फारशी खात्री दिसली नाही. मी घड्याळाची पिशवी टेबलावर ठेवली. त्याने खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली आणि तिथूनच विचारलं, "वस्तू चालू आहे की बंद?"

"बंद. दुरुस्त करायचीय."

"तपासणी फक्त चालू वस्तूची होते."

"पण उघडल्याशिवाय ती चालू होणार नाही."

"उघडायची असेल तर आमचा दाखला लागेल."

"मग द्या ना दाखला."

"तपासल्याशिवाय कसा देणार? चालू करून आणा."

असल्या संभाषणात दुसरी बाजू नेहमी माझी असते. कागद सरकवणारा मी असतो आणि समोरचा कपाळावर हात मारून घेत असतो. त्या माणसाविषयी मला पहिल्यांदाच थोडीशी आपुलकी वाटली, म्हणजे कपाळावर हात मारणाऱ्याविषयी. मी पिशवी उचलली, आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, सासऱ्यांच्या पद्धतीने घड्याळ कानाशी धरून जोरात हलवलं. ते चार-सहा वेळा टिकटिकलं.

"चालू आहे," कारकुनाने लिहिलं आणि मला आत पाठवलं.

आतले निरीक्षक भले गृहस्थ होते. त्यांच्याकडे किरणं मोजायचं यंत्र होतं, चामड्याच्या पेटीत, शिक्का मारलेलं. त्यांनी ते घड्याळाजवळ नेलं. यंत्र गप्प. त्यांनी ते खिडकीकडे नेलं, शिपायाकडे नेलं, स्वतःच्या कपाळाला लावलं. गप्प. "पाच वर्षांत कुणी काही आणलंच नाही हो," ते ओशाळून म्हणाले. मी म्हटलं, बघू जरा. मागचं झाकण काढलं. सेल उलटा होता.

तो सुलटा करताना माझी छाती जी फुगली, ती पुढच्या प्रसंगांसाठी लक्षात ठेवावी. यंत्र चालू झालं, घड्याळावरून फिरलं आणि एखाददुसऱ्या नेहमीच्या टकटकीपलीकडे काही बोललं नाही. आकडे साध्या हिरव्या रंगाचे होते. "तुम्ही या क्षेत्रातले दिसता," निरीक्षक म्हणाले, आणि 'वस्तू निर्धोक आहे' असा सही-शिक्क्याचा दाखला त्यांनी हातोहात दिला. मी तो फळ्यावर लावला. संध्याकाळी मूळ मुद्दे अभिनंदन करायला आले, तोच स्वेटर घालून. त्यांनी हात पुढे केला आणि त्यांच्या कोपराशी, लोकरीत अडकलेली, माझी स्प्रिंग चमकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे कळसा दुसऱ्याच्याच काखेत होता.

त्यानंतरचं काम मात्र मी मनापासून केलं, आणि ते मला आवडलं, हे इथे सांगायला हरकत नाही. चिमट्याने एकेक चाक उचलायचं, पेट्रोलमध्ये बुडवायचं, मऊ ब्रशने घासायचं, फडक्यावर ओळीने वाळत ठेवायचं. काळा थर निघून खालून पितळ दिसलं की बायकोलाही बोलावून दाखवावंसं वाटायचं. कोणतं चाक कुठलं ते कळावं म्हणून मी ती ताटल्या-वाट्यांमध्ये मांडली होती आणि वाट्या कमी पडल्या तेव्हा बायकोने कुरकुर न करता चहाच्या बश्या दिल्या. मीटर जुळल्यावर त्याची केबल मी भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलला जोडली आणि फिरवली. आकडे पळायला लागले. त्या संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसल्याबसल्या दोन तालुके ओलांडले.

घड्याळ उघडलं तेव्हा मात्र मी दार लावून घेतलं. खोट असेल तर ती इथेच असणार होती. मी प्रत्येक चाकाचे दात मोजले, प्रत्येक काटा भिंगाखाली पाहिला. काही नव्हतं. वाकलेलं नाही, झिजलेलं नाही, तुटलेलं नाही. जुनं तेल सुकून मेण झालं होतं, बास. तेल दिल्यावर ते चालायला लागलं आणि रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहिलं तर आठवडाभरात अर्धं मिनिटसुद्धा चुकलं नाही. म्हणजे यंत्र निर्दोष, आणि म्हणून सासूबाई दोषी. हे वाक्य त्यांच्यासमोर कसं उच्चारायचं, याचा सराव मी आरशापुढे केला आणि तो सोडून दिला.

सासरी जाऊन मी एवढंच म्हणालो, "तेल सुकलं होतं."

"म्हणजे खोट नव्हती," सासरे म्हणाले.

"म्हणजे खोट होती," सासूबाई म्हणाल्या.

दोघंही प्रसन्न दिसले. सासूबाईंनी चष्मा पदराने पुसला. "आता दुरुस्त झालंय ना? मग बसते मी. यंत्र धड असलं की माझं वाचन कसं बिनचूक असतं ते दिसू दे एकदा सगळ्यांना."

"बसू दे की," सासरे माझ्याकडे बघून म्हणाले. "यंत्र बरोबरच होतं, हे तिचं तिलाच कळेल."

अशा रीतीने दोन माणसं एकमेकांना खोटं पाडण्यासाठी एका गाडीत बसायला तयार झाली. संसारात याहून मोठी कारणं फारशी नसतात. रॅलीच्या आदल्या संध्याकाळी मी पट्टी जागेवर बसवली, मूळच्या पान्यांनी स्क्रू पिळले, रेडिओचे ठोके ऐकून घड्याळ लावलं आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं. वळून पाहतो तर सासरे हवा भरायचा पंप घेऊन आत निघाले होते. "टायर बघतो जरा," ते म्हणाले. ते बाहेर आल्यावर सासूबाई फडकं घेऊन आत गेल्या. त्यांना सीट पुसायची होती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने शेवटच्या ठाण्यावर गेलो. गाडीत तिसरी जागा नाही आणि तंत्रज्ञाने निकालाच्या जागी असावं, असं मला वाटत होतं. ठाणं म्हणजे एका शाळेच्या फाटकाशी घडीचं टेबल, एक छत्री आणि टोपी घातलेले पंच. मी पोचलो तेव्हा टेबल अजून दोरीने बांधलेलं होतं. तिकडे सुरुवातीला काय झालं ते मला नंतर तिथे हजर असलेल्या बायकोने सांगितलं. झेंडा पडला तेव्हा गाडीतल्या घड्याळात ठरलेली वेळ केव्हाच टळून गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "उशीर केला मेल्यांनी." सासरे म्हणाले, "कुठला समारंभ वेळेवर सुरू होतो?" दोघांचं एकमत झालं आणि गाडी सुटली.

पंच टेबलाची दोरी सोडत होते, मी छत्री धरली होती आणि रस्त्याच्या वळणावर ती हिरवी गाडी दिसली. ताठ बसलेले सासरे, डोक्याला रुमाल बांधून मांडीवर नकाशा घेतलेल्या सासूबाई, दोघांच्या चेहऱ्यांवर विजय. सासूबाई घड्याळावर बोट ठेवून मोठ्याने सेकंद मोजत होत्या. शून्य म्हणायला आणि चाक रेघेवर यायला एकच गाठ पडली. इतकं सुंदर काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

पंचांनी हातातली दोरी खाली ठेवली आणि मनगटाकडे पाहिलं. "काका, पंधरा मिनिटं लवकर आलात."

"शक्य नाही!" सासरे गरजले. "फार तर पाच!"

"पाचच," सासूबाई म्हणाल्या. "मी स्वतः ती..."

आणि थांबल्या. सासरेही थांबले. इंजिन तेवढं गुरगुरत होतं.

"तू स्वतः काय?"

"आधी तुम्ही सांगा. तुम्हाला कसं ठाऊक पाच?"

सासऱ्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "काल टायर बघायला गेलो तेव्हा काटा पाच मिनिटं पुढे केला," ते हळू आवाजात म्हणाले. "उशीर नको म्हणून. नेहमीसारखा."

"मी सीट पुसताना केला," सासूबाई म्हणाल्या. "नेहमीसारखा."

पंचांनाही हे आपल्या नियमपुस्तकातलं नाही एवढं कळलं असावं. सासूबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला.

"अहो, त्या वेळीही केला होतात?"

"केला होता. आणि तू?"

"मीही."

पाच आणि पाच दहा. चाळीस वर्षं ते दोघं दोन खोल्यांत जाऊन बसत होते, ती ही दहा मिनिटं. मला वाटलं आता रडतील, आणि मी छत्री आडवी धरली. पण सासूबाईंना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग नकाशा मांडीवरून घसरला, मग सासरेही हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पंचांनी न विचारता दोघांना आपल्या थर्मासमधला चहा दिला.

माझं हृदय समाधानाने भरलं होतं. यंत्रात खोट नव्हती, सासूबाईंच्या वाचनात नव्हती, आणि हे सिद्ध करणारा तंत्रज्ञ छत्री घेऊन शेजारी उभा होता. मी दाखला फळ्यावरून काढून बरोबर आणला होता. तो खिशातून काढावा का, असा विचार करत होतो, तेवढ्यात सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"पण थांब. तुझी पाच, माझी पाच. हे तर पंधरा म्हणतायत. मग ही वरची पाच कुठून आली?"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

आदल्या संध्याकाळी रेडिओचे ठोके ऐकून मी घड्याळ अगदी बरोबर लावलं होतं. सेकंदाला बरोबर. मग दार ओढून घेण्याआधी एकदा शेवटचा हात फिरवावा म्हणून वाकलो आणि हात आपोआप किल्लीकडे गेला. अठरा वर्षं मी त्या घराचा जावई आहे. उशीर नको, एवढाच विचार मनात होता, आणि तोही नीटसा नव्हता.

मी तोंड उघडलं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "दुरुस्तीत काहीतरी राहिलं तुमच्या."

"राहिलंच असणार," सासूबाई म्हणाल्या. "मी पहिल्यापासून म्हणत होते, त्या यंत्राचं काही खरं नाही."

"खरं आहे तुझं," सासरे म्हणाले.

हे तीन शब्द त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकले. सासूबाईंनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण त्या उगाचच सीटवरची नसलेली धूळ झटकायला लागल्या. माझ्या खिशात सरकारी दाखला होता. आठवडाभर अर्धं मिनिटसुद्धा न चुकलेलं घड्याळ समोर टिकटिकत होतं. माझं कौशल्य, माझा हात, बश्यांमधून वाळवलेलं एकेक पितळी चाक, सगळं एका वाक्यात सिद्ध करता आलं असतं. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि मूग गिळले. "राहिलं असेल," मी म्हटलं.

"असू दे हो," सासूबाई प्रेमाने म्हणाल्या. "सेल बसवणं वेगळं आणि हे वेगळं."

म्हणजे त्यांना सेलचं माहीत होतं.

शेवटून पहिला नंबर घेऊन दोघं परतीला लागले. सरळ घरी न जाता नदीच्या रस्त्याने जाणार होते, लांबून. कुठे लवकर पोचायची त्यांना आज घाई नव्हती. गाडी वळणाआड जाईपर्यंत सासूबाईंचा रुमाल वाऱ्यावर दिसत होता. मी पंचांचं टेबल घडी करून दिलं, छत्री मिटून दिली आणि बसथांब्यावर येऊन बसलो. तिथे बायकोचा फोन आला.

"काय झालं? ठरलं का एकदाचं? खोट कुणात निघाली, आईत, बाबांच्यात की यंत्रात?"

"जावयात," मी म्हणालो, आणि बसची वाट पाहत बसलो. माझ्या घड्याळाप्रमाणे ती येऊन जायला हवी होती, म्हणजे यायला अजून अवकाश होता.